नकाशा प्रक्षेपणं आणि राष्ट्रीय ग्रिड: मोजणीच्या कामात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मोजणीदार, स्थापत्य अभियंते, जीआयएसवर काम करणारे आणि या विषयाचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. हातात जीएनएसएस रिसीव्हर (जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान सांगणारं यंत्र) आला की दोन आकडे लगेच मिळतात, सेंटिमीटरपर्यंत. पण ते आकडे कुठल्या पृष्ठभागावरचे आहेत, कुठल्या आरंभबिंदूपासून मोजलेले आहेत आणि कोणत्या काळाचे आहेत हे ठाऊक नसेल, तर त्या अचूकतेचा काही उपयोग नाही. खालचे बहुतेक प्रश्न फिरून याच गोष्टीपाशी येतात.

अक्षांश-रेखांश असताना वेगळं ग्रिड कशाला हवं?

अक्षांश-रेखांश हे कोन आहेत, अंतरं नाहीत. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर साधारण १११.३ किमीचा असतो आणि ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्मा होतो. त्यामुळे दोन बिंदूंच्या अक्षांश-रेखांशांची वजाबाकी करून अंतर किंवा क्षेत्रफळ काढता येत नाही. त्यासाठी एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलासारख्या गणिती आकारावरची, लांबलचक सूत्रं लागतात.

ग्रिडमध्ये हेच बिंदू सपाट कागदावर मीटरमध्ये येतात. पूर्वेकडचा आकडा म्हणजे ईस्टिंग, उत्तरेकडचा म्हणजे नॉर्दिंग. मग पायथागोरसने अंतर निघतं, बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) साध्या त्रिकोणमितीने निघतं आणि क्षेत्रफळासाठी शाळेतलं सूत्र पुरतं. लॉगरिदमच्या कोष्टकांवर हिशेब होत होते त्या काळात ही फार मोठी सोय होती. आज संगणक एलिप्सॉइडवरचा हिशेब क्षणात करतो, तरी आखणी, कॅड, हद्दीचे नकाशे आणि क्षेत्रफळाचे दाखले सपाट प्रतलावरच चालतात, कारण ते माणसाला कागदावर ताडून बघता येतात. गोल पृथ्वी अशी सपाट कागदावर उतरवणं म्हणजे प्रक्षेपण, आणि या सोयीची किंमत म्हणजे विकृती, म्हणजे अंतरं किंवा आकार बिघडणं. ती टळत नाही, पण किती आहे ते नेमकं काढता येतं.

विकृती अजिबात नसलेलं प्रक्षेपण का बनत नाही?

कारण ते गणिताने अशक्य आहे. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये दाखवलं की पृष्ठभागाची वक्रता ही त्या पृष्ठभागावरच्या अंतरांतच दडलेली असते. वक्र पृष्ठभाग सपाट करायचा तर कुठली ना कुठली अंतरं बदलावीच लागतात. हे सिद्ध करणारा माणूस त्याच वर्षांत हॅनोव्हर राज्याची त्रिकोणमितीय मोजणी करत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रश्न त्याला प्रत्यक्ष मोजणीच्या जागेवर भेटला होता.

म्हणून निवड करावी लागते. क्षेत्रफळ राखलं तर आकार बिघडतो, आणि आकार राखला तर क्षेत्रफळ. मोजणीसाठी जगभर जवळजवळ सगळीकडे कोन राखणारी, म्हणजे अनुरूप प्रक्षेपणं वापरतात. त्यांचा मोठा गुण असा की एका बिंदूपाशी स्केल (ग्रिडवरच्या लांबीचं एलिप्सॉइडवरच्या लांबीशी गुणोत्तर) सगळ्या दिशांना सारखंच असतं. उत्तरेला किलोमीटरमागे ४० सेंमी कमी पडत असतील, तर पूर्वेलाही तेवढेच पडतात. म्हणजे एका ठिकाणासाठी एकच स्केल फॅक्टर पुरतो, आणि उपकरणाने वाचलेले कोन ट्रॅव्हर्समध्ये (एकामागून एक जोडलेल्या मोजणी-रेषांच्या साखळीत) जसेच्या तसे घालता येतात.

इथे एक बारकावा आहे. जमिनीवरची सरळ दृष्टिरेषा ग्रिडवर किंचित वाकते. ग्रिडच्या मधोमध जाणाऱ्या मध्य रेखावृत्तापासून १०० किमी दूर, १ किमीच्या रेषेसाठी ही दुरुस्ती जास्तीत जास्त पाव सेकंदाची असते (इथे सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ती सोडून दिली तरी चालते. पण २०० किमी दूर असलेली १० किमीची उत्तर-दक्षिण रेषा घेतली तर ती ५ सेकंदांवर जाते, आणि नियंत्रण जाळ्याच्या (मोजणीच्या आधारबिंदूंच्या) कामात ५ सेकंद सोडून चालत नाहीत.

कुठल्या देशाने कुठलं प्रक्षेपण घ्यायचं हे कशावरून ठरतं?

मुख्यतः देशाच्या आकारावरून. योहान लॅम्बर्ट यांनी १७७२ मध्ये दोन प्रक्षेपणं मांडली आणि आजचं बहुतांश राष्ट्रीय काम त्यांच्यावरच उभं आहे. ट्रान्सव्हर्स मर्केटरमध्ये विकृती मध्य रेखावृत्तापासून पूर्व-पश्चिम दूर जाताना वाढते, उत्तर-दक्षिण कितीही गेलं तरी वाढत नाही. म्हणून ते उभ्या देशांना मानवतं. लॅम्बर्टच्या अनुरूप शंकू प्रक्षेपणात नेमकं उलट होतं, म्हणून ते आडव्या पट्ट्यांना चांगलं.

ब्रिटनचं ग्रिड २ अंश पश्चिम रेखावृत्तावर टेकलेलं ट्रान्सव्हर्स मर्केटर आहे. फ्रान्सने लॅम्बर्ट-९३ घेतलं, ४४ आणि ४९ अंश या दोन प्रमाण अक्षवृत्तांवर. पण अख्खा देश एका शंकूवर बसवल्यामुळे काही भागांत विकृती किलोमीटरमागे मीटर-दोन मीटरच्याही पुढे जाते. म्हणून तिथे मोजणीच्या कामासाठी ९ अरुंद पट्ट्यांचं वेगळं ग्रिडही ठेवलं आहे. मलेशियाचा द्वीपकल्प तिरका आहे, तर तिथे तिरकं मर्केटर वापरतात. अलास्काची दक्षिणेकडची चिंचोळी पट्टीही तशीच. नेदरलँड्स आटोपशीर असल्याने त्यांनी स्टिरिओग्राफिक घेतलं. अमेरिकेने १९३० च्या दशकात राज्यवार ग्रिडं आखली, उद्देश असा की विकृती १०,००० त १ च्या आसपास राहावी. फ्लोरिडात तर उत्तरेच्या आडव्या भागाला लॅम्बर्ट आणि द्वीपकल्पाला ट्रान्सव्हर्स मर्केटर आहे.

भारतासारखा दोन्ही दिशांना पसरलेला देश एका पट्टीत बसत नाही. जुन्या ग्रिडसाठी लॅम्बर्टचे अनेक झोन पाडले गेले, जुने टोपोशीट (भूरूप दाखवणारे नकाशे) पॉलिकोनिक प्रक्षेपणावर निघाले, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच्या (जीपीएस वापरतं त्या जागतिक संदर्भावरच्या) यूटीएममध्ये, म्हणजे ट्रान्सव्हर्स मर्केटरच्या जागतिक ग्रिडमध्ये, येतात. पॉलिकोनिक कोनही राखत नाही आणि क्षेत्रफळही, त्यामुळे जुन्या टोपोशीटवरून ट्रॅव्हर्सचा हिशेब करू नये.

यूटीएममधला ०.९९९६ हा आकडा कुठून आला?

यूटीएममध्ये पृथ्वीचे ६ अंशांचे ६० झोन केले आहेत, ८० अंश दक्षिण ते ८४ अंश उत्तर. झोन क्रमांक काढायला रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, पूर्णांक घ्या आणि १ मिळवा. ७४ अंश पूर्व रेखांश ४३ व्या झोनमध्ये येतो, त्याचं मध्य रेखावृत्त ७५ अंश.

मध्य रेखावृत्तावर स्केल बरोबर १ ठेवलं असतं तर सगळी विकृती झोनच्या कडांवर साचली असती आणि ती एकाच दिशेची, म्हणजे लांबी वाढवणारी असती. त्याऐवजी संपूर्ण झोन किंचित आकसला आहे. मध्यावर किलोमीटरमागे ४० सेंमी कमी भरतात, साधारण १८० किमी दूर गेलं की लांबी बरोबर जुळते, आणि विषुववृत्तावर झोनच्या कडेला किलोमीटरमागे सुमारे ९८ सेंमी जास्त भरतात. चूक दोन्ही बाजूंना वाटून टाकली आहे. उत्तरेला झोन अरुंद होत जातो. ६० अंश अक्षांशावर कडाच १६७ किमीवर येते, त्यामुळे तिथे पूर्ण झोनभर ग्रिडची लांबी एलिप्सॉइडवरच्या लांबीपेक्षा कमीच असते.

ऋण आकडे टाळण्यासाठी मध्य रेखावृत्ताला ईस्टिंग ५,००,००० दिलेलं असतं. दक्षिण गोलार्धात विषुववृत्ताला नॉर्दिंग १,००,००,००० देतात.

माझं स्पष्ट मत असं: यूटीएम हे मुळात लष्करी नकाशांसाठी आखलेलं जागतिक ग्रिड आहे. एका भूखंडाच्या किंवा एका पुलाच्या कामाला ते सोयीचं असतंच असं नाही. जिथे राष्ट्रीय ग्रिडमध्ये अरुंद पट्ट्या उपलब्ध आहेत तिथे त्याच घ्याव्यात. जपानने मोजणीसाठी १९ विभाग पाडले आणि मध्यावरचा फॅक्टर ०.९९९९ ठेवला, म्हणजे तिथे किलोमीटरमागे १० सेंमीच कमी पडतात.

टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) १ किमी अंतर मोजलं, पण ग्रिडवरून ते अर्धा मीटर कमी येतं. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात, म्हणून एक हिशेब पूर्ण करून दाखवतो.

समजा जागा यूटीएमच्या मध्य रेखावृत्तापासून १५ किमीवर आहे आणि एलिप्सॉइडपासून ६०० मीटर उंच आहे. टोटल स्टेशनने आडवं अंतर १,०००.००० मीटर दिलं.

पहिली पायरी उंचीची. वरच्या पातळीवरचं अंतर एलिप्सॉइडवर उतरवलं की ते कमी होतं, कारण खाली त्रिज्या लहान आहे. ६३,७१,००० भागिले ६३,७१,६०० म्हणजे ०.९९९९०५८. एवढ्यानेच ९.४ सेंमी गेले.

दुसरी पायरी प्रक्षेपणाची. मध्य रेखावृत्तापासूनच्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येच्या वर्गाची दुपट, म्हणजे २२५ भागिले साधारण ८ कोटी १२ लाख. हा आकडा ०.०००००२८ येतो. तो १ मध्ये मिळवून ०.९९९६ ने गुणलं की स्केल फॅक्टर ०.९९९६०२८. इथे ३९.७ सेंमी गेले.

दोन्हींचा गुणाकार म्हणजे संयुक्त फॅक्टर, ०.९९९५०८६. ग्रिडवरचं अंतर ९९९.५०९ मीटर. ४९ सेंमीचा फरक पूर्णपणे समजावता येतो, आणि प्रत्येक सेंटिमीटर कुठे गेला ते सांगता येतं.

क्षेत्रफळाला हाच फॅक्टर दोनदा लागतो. १ हेक्टरचा भूखंड ग्रिडच्या आकड्यांवरून काढला तर सुमारे ९.८ चौरस मीटर कमी भरतो. १०० हेक्टरला ९८२ चौरस मीटर. जमीन ज्याची आहे त्याला ही जमीन हरवल्यासारखी वाटते, आणि त्याला दोष देता येत नाही. ती कुठेच गेलेली नाही, फक्त क्षेत्रफळ ग्रिडचं की जमिनीवरचं हे कागदावर लिहिलेलं नसतं. ते लिहिणं मोजणीदाराचं काम आहे.

मग हा फॅक्टर उपकरणात घालावा की हिशेबात?

कुठेही घाला, पण एकाच ठिकाणी. टोटल स्टेशनमध्ये संयुक्त फॅक्टर भरला आणि पुन्हा ऑफिसातल्या सॉफ्टवेअरनेही तो लावला, तर दुरुस्ती दुप्पट होते. उपकरणाच्या सेटिंगचा फोटो काढून कामाच्या फाइलमध्ये ठेवण्याची सवय इथे फार कामी येते.

बांधकामाच्या कामात उलटी वाटही धरतात: ग्रिडचे आकडे फॅक्टरने भागून 'जमिनीवरचे' आकडे तयार करायचे, म्हणजे टेपने मोजलेली लांबी आणि नकाशावरची लांबी जुळते. ही पद्धत रास्त आहे. धोका इतकाच की असे आकडे दिसायला हुबेहूब ग्रिडसारखेच असतात. दुसरा कुणी ते राष्ट्रीय ग्रिड समजून नकाशावर टाकतो आणि सगळी जागा किलोमीटर-दोन किलोमीटरही सरकते, कारण ४० लाखांच्या नॉर्दिंगवर फॅक्टरमधला ०.०००५ चा फरक म्हणजे २ किमी. म्हणून असे आकडे करताना पुढचे अंक कापून टाका किंवा मोठी पूर्ण संख्या वजा करा, म्हणजे पाहताक्षणी कळेल की हे ग्रिड नव्हे.

ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर वेगळी का?

रेखावृत्तं ध्रुवाकडे एकत्र येतात, ग्रिडच्या उभ्या रेषा समांतर राहतात. दोन्हींतला कोन म्हणजे अभिसरण. तो ढोबळमानाने रेखांशातला फरक गुणिले अक्षांशाचा साइन इतका असतो. २० अंश उत्तर अक्षांशावर, मध्य रेखावृत्ताच्या २ अंश पूर्वेला तो सुमारे ४१ मिनिटं येतो. सूर्यनिरीक्षणाने किंवा जायरोने (खरी उत्तर शोधणाऱ्या उपकरणाने) घेतलेली दिशा तशीच ग्रिडवर टाकली, तर १ किमीच्या टोकाला जवळपास १२ मीटरची चूक. चुंबकीय उत्तर ही तिसरीच, आणि ती वर्षागणिक बदलते. जुन्या नकाशावरचं होकायंत्राचं बेअरिंग वापरताना नकाशाचं वर्ष पाहायलाच हवं.

डेटम म्हणजे काय? एकाच बिंदूचे दोन वेगळे अक्षांश-रेखांश कसे असू शकतात?

अक्षांश-रेखांश कोणत्या तरी एलिप्सॉइडवर मोजलेले असतात. तो एलिप्सॉइड केवढा, किती चपटा आणि पृथ्वीत नेमका कसा बसवलेला, हे सगळं मिळून डेटम ठरतो.

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक देशाने आपल्या प्रदेशाला सगळ्यात चांगला बसेल असा एलिप्सॉइड निवडला. भारतात वापरलेल्या एव्हरेस्ट १८३० या एलिप्सॉइडचा अर्धा मोठा अक्ष ६३,७७,२७६.३४५ मीटर आहे, तर डब्ल्यूजीएस ८४ चा ६३,७८,१३७. फरक ८६१ मीटरचा. ब्रिटनने एअरी १८३० घेतला, तोही आपल्यापुरता. हे काम कच्चं होतं असं कुणी समजू नये. उपग्रह नव्हते, आणि पृथ्वीचा मध्य कुठे आहे हे जमिनीवरून दिसत नाही.

शिवाय ताऱ्यांवरून अक्षांश काढताना उपकरण ओळंब्याने उभं करतात, आणि ओळंबा जवळच्या वस्तुमानाकडे किंचित ओढला जातो. भारतातल्या महान त्रिकोणमितीय मोजणीत कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर ताऱ्यांवरून आणि त्रिकोणांवरून वेगवेगळं आलं. फरक ५.२४ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला तर तो फरक जवळपास १६ सेकंद यायला हवा होता, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा तिप्पट. पर्वतांखालचं कवच हलकं आणि खोलवर गेलेलं असतं ही समस्थायित्वाची कल्पना १८५५ मध्ये या न जुळणाऱ्या आकड्यांतून पुढे आली. मोजणीतली एक तफावत प्रामाणिकपणे नोंदवली गेली म्हणून पृथ्वीच्या पोटातली गोष्ट कळली.

व्यवहारात परिणाम असा: जपानने २००२ मध्ये टोकियो डेटम सोडून जागतिक डेटम घेतला तेव्हा टोकियोच्या आसपास तोच अक्षांश-रेखांश सुमारे ४५० मीटर दूर दाखवू लागला. ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या पितळी रेषेवर जीपीएस धरलं तर शून्य रेखांश दिसत नाही. तो १०२ मीटर पूर्वेला आहे.

जुन्या डेटमवरून नव्यावर आकडे कसे आणायचे?

तीन पायऱ्या प्रचलित आहेत. तीन परिमाणांची पद्धत फक्त मध्य सरकवते, तिच्यात काही मीटरची चूक गृहीत धरावी. सात परिमाणांची पद्धत सरकवते, फिरवते आणि स्केलही बदलते, म्हणून छोट्या प्रदेशात ती चांगली बसते. पण जुन्या जाळ्यात स्थानिक ताण असतात, एखाद्या साखळीत चूक साचलेली असते, ती एका सूत्राने निघत नाही. तिथे ठिकठिकाणच्या दुरुस्त्यांची जाळीदार फाइल लागते. राष्ट्रीय मोजणी संस्थेने अशी फाइल दिली असेल तर तीच वापरा.

सात परिमाणांत एक जुनी अडचण आहे. फिरवण्याची चिन्हं ठरवण्याच्या दोन परंपरा आहेत, एकीत बिंदू फिरतो आणि दुसरीत अक्ष फिरतात. कोनांचे आकडे तेच, चिन्हं उलटी. एका संस्थेची परिमाणं दुसऱ्या परंपरेच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली तर निकाल पटण्यासारखा दिसतो आणि कित्येक मीटरने चुकलेला असतो. म्हणून परिमाणं बसवताना न वापरलेला एखादा ओळखीचा बिंदू बाजूला ठेवा आणि त्यावर तपासा. ज्या बिंदूंवरून परिमाणं काढली त्यांच्यावर ती जुळणारच, त्याने काही सिद्ध होत नाही.

उंचीही याच ग्रिडमधून मिळते का?

नाही. जीएनएसएसची उंची एलिप्सॉइडपासूनची असते. पाणी ज्या उंचीच्या हिशेबाने वाहतं ती जिओइडपासूनची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरलेल्या, ढोबळमानाने समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागापासूनची. दोन्हींतला फरक हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला उणे १०६ मीटरच्या आसपास जातो. कालवा किंवा गटार एलिप्सॉइडच्या उंचीवर आखू नये.

वरच्या संयुक्त फॅक्टरमध्ये मात्र एलिप्सॉइडची उंचीच हवी. तिथे चुकून समुद्रसपाटीची उंची घेतली आणि फरक १०० मीटरचा असला, तर किलोमीटरमागे १.६ सेंमीची चूक येते.

बिंदू जागेवरच आहे, तरी त्याचे आकडे बदलतात असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. भूपट्ट सरकतात. ऑस्ट्रेलिया वर्षाला साधारण ७ सेंमी ईशान्येकडे जातो, आणि १९९४ च्या डेटमवरून २०२० च्या डेटमवर जाताना तिथले आकडे सुमारे १.८ मीटरने बदलले. युरोपने वेगळा मार्ग घेतला: त्यांचा डेटम युरेशियन पट्टाला बांधलेला आहे, म्हणून देशांतर्गत आकडे स्थिर राहतात. २०११ च्या भूकंपात जपानमध्ये एक ठाणं ५.३ मीटर सरकलं, आणि टोकियोतला मोजणीचा मूळ बिंदू २७ सेंमी पूर्वेला गेला. कायद्यातला आकडा बदलावा लागला.

मोजणीदारासाठी याचा अर्थ: जागतिक चौकटीत काम केलं असेल तर आकड्यांसोबत तारीख लिहा. वर्ष पुरतं, पण ते हवंच.

जागा दोन झोनच्या सीमेवर येत असेल तर?

एकच झोन निवडा आणि संपूर्ण काम त्यातच करा. झोन कडेपलीकडे थोडा ताणता येतो, सूत्रं तिथे मोडत नाहीत, फक्त स्केल वाढतं. अर्धं काम एका झोनमध्ये आणि अर्धं दुसऱ्यात असं कधीही करू नका. दोन्ही बाजूंचे ईस्टिंग एकमेकांशी जुळणार नाहीत.

आधी ईस्टिंग लिहायचं की नॉर्दिंग?

जगात एकमत नाही, म्हणून नाव लिहिल्याशिवाय आकडा देऊ नका. गाउस-क्रूगर परंपरेत (ट्रान्सव्हर्स मर्केटरचाच एक प्रकार) एक्स म्हणजे उत्तर, शाळेच्या भूमितीत एक्स म्हणजे आडवा अक्ष. जिओजेसन या फाइल-प्रकारात रेखांश आधी येतो, ईपीएसजी ४३२६ च्या (निर्देशांक पद्धतींच्या ईपीएसजी यादीतल्या डब्ल्यूजीएस ८४ अक्षांश-रेखांशांच्या क्रमांकाच्या) व्याख्येत अक्षांश आधी. सॉफ्टवेअर बदललं की बिंदू समुद्रात जातो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

काही देशांनी ही अडचण आकड्यांतच सोडवली आहे, आणि मला ती रचना मनापासून आवडते. नेदरलँड्सने आमर्सफोर्टच्या चर्चच्या मनोऱ्याला शून्य न देता १,५५,००० आणि ४,६३,००० दिलं. त्यामुळे देशभर पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहानच असतो आणि अदलाबदल लगेच पकडली जाते. स्वित्झर्लंडने बर्नच्या जुन्या वेधशाळेला आधी ६,००,००० आणि २,००,००० दिलं होतं. नव्या चौकटीत ते २६,००,००० आणि १२,००,००० केलं. २ ने सुरू होणारा आकडा पूर्वेचा, १ ने सुरू होणारा उत्तरेचा, आणि सहा अंकी आकडा दिसला की तो जुन्या चौकटीचा.

फुटांतल्या ग्रिडचं काय?

अमेरिकेत दोन फूट चालत होते. आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटरचा आणि मोजणीचा फूट १२०० भागिले ३९३७ मीटरचा. फरक १० लाखांत २ एवढाच. भिंत मोजताना तो दिसत नाही, पण २० लाख फुटांच्या ईस्टिंगवर ४ फूट होतात. मोजणीचा फूट २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे बंद केला, तरी जुने कागद त्याच मापाचे आहेत.

वेबवरच्या नकाशावर भूखंड आखून क्षेत्रफळ काढलं तर चालेल का?

तो नकाशा वेब मर्केटरमध्ये असेल आणि सॉफ्टवेअर सपाट प्रतलावर मोजत असेल, तर मुळीच नाही. तिथे २० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के जास्त येतं, ४५ अंशांवर दुप्पट आणि ६० अंशांवर चौपट. हे प्रक्षेपण स्क्रीनवर नकाशा सरकवण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही. काही साधनं पडद्यामागे एलिप्सॉइडवर क्षेत्रफळ काढतात, तेव्हा आकडा बरोबर येतो. आपलं साधन काय करतं ते माहीत असलेल्या भूखंडावर तपासून घ्या.

ईपीएसजी क्रमांक लिहिला की पुरतं का?

बरंचसं. ३२६४३ लिहिलं की डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम, ४३ उत्तर हे सगळं एका आकड्यात येतं. २७७०० म्हणजे ब्रिटनचं ग्रिड, २१५४ म्हणजे लॅम्बर्ट-९३. पण त्यात तारीख येत नाही, उंचीचा आधार येत नाही, आणि एका डेटमवरून दुसऱ्यावर येताना कुठली परिमाणं वापरली तेही येत नाही. ते शब्दांत लिहा. आणि आकडे ग्रिडचे की जमिनीवरचे हेही, संयुक्त फॅक्टरसह.

हद्दीचा दगड एकीकडे आणि नोंदीतले आकडे दुसरीकडे असं झालं तर कशाचं मानायचं?

अनेक देशांच्या कायद्यात मूळ जागी, न हललेलं हद्दीचं चिन्ह आकड्यांपेक्षा वरचढ मानतात. काही देशांनी आकड्यांनाच कायदेशीर हद्द केलं आहे. आपल्या अधिकारक्षेत्रातला नियम पाहा. पण दगड उपटून 'बरोबर' जागी लावण्याआधी आकड्यांचा डेटम तपासा.

जुन्या कागदावर फक्त दोन आकडे आहेत, बाकी काही नाही. ग्रिड ओळखता येईल का?

बऱ्याचदा येतं. आधी अंक मोजा. एक आकडा ५ लाखांच्या आसपास आणि दुसरा विषुववृत्तापासूनच्या अंतराइतका असेल, तर यूटीएमची शक्यता मोठी. त्या अंतरासाठी अक्षांश गुणिले साधारण १,१०,७०० मीटर धरा. गाउस-क्रूगरच्या काही ग्रिडांमध्ये ईस्टिंगच्या सुरुवातीला झोनचा अंक चिकटवलेला असतो, जसं ३५ लाख म्हणजे तिसऱ्या पट्टीचं मध्य रेखावृत्त. आकडे अपेक्षेपेक्षा ३.२८ पट मोठे असतील तर ते फूट आहेत.

मग कागदाचं वर्ष आणि तो कुठल्या खात्यातून निघाला ते पाहा, कारण प्रत्येक काळात त्या प्रदेशात दोन-तीनच ग्रिडं वापरात असतात. त्या प्रत्येकात आकडे टाकून बघा. योग्य ग्रिडमध्ये बिंदू रस्त्याच्या कडेला, टेकडीच्या माथ्यावर किंवा गावाच्या वेशीवर पडेल, चुकीच्यात पाण्यात किंवा दुसऱ्याच जिल्ह्यात. डेटम चुकला असेल तर तो फार दूर जात नाही, काहीशे मीटरच सरकतो. ही चूक सगळ्यात फसवी, कारण नकाशावर ती खपून जाते.

तेव्हा शेवटचा निवाडा जागेवरच होतो. त्याच कागदावरचे किमान तीन बिंदू, एका रेषेत नसलेले, आजही शाबूत असतील ते शोधा: मैलाचा दगड, मंदिराचा कळस, पुलाचा कठडा. त्यांच्यावर जीएनएसएसने निरीक्षण घ्या. तिन्हींवर फरक एकाच दिशेने आणि तेवढाच येत असेल तर डेटमचा प्रश्न आहे. फरक अंतरासोबत वाढत असेल तर स्केलचा किंवा एककाचा. आणि तिन्हींवर फरक तीन दिशांना जात असतील, तर कागदावरचे बिंदू एका मोजणीतले नाहीतच, आणि ते एका नकाशावर एकत्र टाकू नयेत.